बराकपूरचा नदीकाठ

सरकारी नोकरीच्या निमित्ताने मला काही वर्षे कलकत्त्यास राहावे लागले. २००१ सालापासून त्या शहराचे अधिकृत नाव कोलकाता असे झाले असले, तरी मराठी जिभेला जुने नावच सोयीचे वाटते, म्हणून मी तेच वापरतो. परमुलखात राहणाऱ्या माणसाला रविवार मोठा जड जातो. बाकीचे सहा दिवस कचेरी त्याला गावाची आठवण होऊ देत नाही. सातव्या दिवशी मात्र घरून आलेली मेतकुटाची बरणी उघडली की सगळे गाव त्या वासातून बाहेर येते. आमच्या घरी त्या वासावर एक उपाय ठरून गेला होता. रविवारी जेवण झाले की कोठेतरी बाहेर पडायचे.

अशाच एका मार्गशीर्षातल्या रविवारी आम्ही उभयता सियालदहहून गाडीने बराकपूरला गेलो. मराठी माणसाला बराकपूर ठाऊक असते ते एकाच नावामुळे. २९ मार्च १८५७ रोजी तेथील कवायतीच्या मैदानावर चौतिसाव्या पलटणीचा शिपाई मंगल पांडे बंदूक घेऊन एकटा उभा राहिला आणि ८ एप्रिल रोजी त्याला तेथेच फाशी देण्यात आले. त्याच्या नावाचे उद्यान पाहावे आणि परत फिरावे, एवढाच आमचा बेत होता. परंतु लाटसाहेबांची जुनी बाग पाहण्याची परवानगी एका स्नेह्याने मिळवून ठेवली होती. ती बाग पोलिसांच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात असल्याने सहज आत जाता येत नाही. मिळालेली परवानगी वाया घालवणे आम्हा सरकारी माणसांच्या स्वभावात नसते, म्हणून गेलो.

त्या बागेत, हुगळीच्या अगदी काठाला, एक थडगे आहे. ते शार्लट कॅनिंग हिचे. १८५६ ते १८६२ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल, आणि १८५८ पासून पहिला व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कॅनिंगची ती पत्नी. श्रोतेहो, सत्तावन्नच्या हुताम्याचे स्मरण करावयास गेलेला माणूस सत्तावन्नच्या राज्यकर्त्याच्या बायकोच्या थडग्यापाशी रेंगाळला हे काहींना रुचणार नाही. मलाही ते प्रथम रुचले नव्हते. परंतु घरी आल्यावर तिच्याविषयी जे मिळेल ते वाचीत गेलो, आणि घर सोडून दूरदेशी राहणाऱ्या एका जोडप्याची ती हकीकत माझ्या मनातून जाईना.

शार्लटचा जन्म ३१ मार्च १८१७ रोजी पॅरिसमध्ये झाला. तिचे वडील सर चार्ल्स स्टुअर्ट हे तेथे इंग्लंडचे वकील होते, आणि वकिलातीचा वाडा म्हणजे नेपोलियनच्या बहिणीने, पोलीन बोर्गेझने, विकलेली हवेली. बालपणीची कितीतरी वर्षे तिने त्या शहरात काढली. वडिलांना जुन्या दगडांचा विलक्षण नाद होता. नॉर्मंडीतल्या मोडकळीस आलेल्या मठांचे आणि वाड्यांचे कोरीव दगड जहाजांत भरून त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेले आणि त्यांतून हायक्लिफ येथे आपला वाडा उठवला. पाडलेल्या वस्तीचे दगड उचलून समुद्रापलीकडे नवे घर थाटणाऱ्या बापाची ही मुलगी. तिची धाकटी बहीण लुईझा पुढे चित्रकर्ती म्हणून नावारूपास आली. शार्लटचा हातही काही कमी नव्हता.

१८३५ साली तिचे चार्ल्स कॅनिंगशी लग्न झाले. तो पंतप्रधान जॉर्ज कॅनिंगचा मुलगा. बोलण्यात संथ, स्वभावाने राखीव, कामात अतिशय काटेकोर. हिंदुस्थानात येण्यापूर्वी तो इंग्लंडच्या टपालखात्याचा प्रमुख होता. त्या दोघांना मूल झाले नाही. १८४२ पासून शार्लट व्हिक्टोरिया राणीच्या खास परिवारातली मानकरीण होती, आणि राणीबरोबर तिला युरोपातले दोन मोठे प्रवास घडले. १८४३ साली राणी फ्रान्सच्या लुई फिलिप राजाला भेटावयास समुद्र ओलांडून एऊ येथील त्याच्या वाड्यात गेली, तेव्हा शार्लट बरोबर होती. इंग्लंडच्या राज्यकर्त्याने फ्रेंच राजाच्या घरी पाहुणा म्हणून जावे ही गोष्ट कित्येक शतकांत घडली नव्हती. पण पॅरिसमध्ये जन्मलेल्या या बाईला ते परक्याच्या घरी जाणे वाटले असेल की माहेरी जाणे, कोण जाणे!

दुसरा प्रवास १८४५ चा, जर्मनीचा. राणीला पतीची जन्मभूमी पाहावयाची होती. ऱ्हाईन नदीकाठच्या बॉन या गावी बेटहोव्हेनच्या पुतळ्याचे अनावरण त्याच सुमारास होते. राजघराण्यातली मंडळी सज्जात विराजमान झाली, पुतळ्यावरचे वस्त्र दूर झाले, आणि पाहतात तो काय, संगीतकाराची पाठ सज्जाकडे! त्याचे तोंड चौकातल्या लोकांकडे होते. समारंभांची आखणी करण्यात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना या प्रसंगातली व्यवस्थापकाची अवस्था सांगावयास नको. मी स्वतः असे दोन प्रसंग निभावले आहेत. एकात पाटी उलटी लागली होती. असो.

१८५५ साली कॅनिंगची नेमणूक हिंदुस्थानात झाली. सुवेझचा कालवा तेव्हा व्हावयाचा होता. तो १८६९ मध्ये खुला झाला. म्हणून ही मंडळी इजिप्तमार्गे, मधला टप्पा जमिनीवरून ओलांडून, जानेवारी १८५६ च्या अखेरीस मुंबईला उतरली. मुंबईचा गव्हर्नर त्या वेळी लॉर्ड एल्फिन्स्टन होता. म्हणजे हिंदुस्थानचे पहिले दर्शन शार्लटला झाले ते आपल्या मुंबईचे. तेथून मद्रासवरून २९ फेब्रुवारी रोजी ते कलकत्त्यास पोहोचले आणि त्याच दिवशी कॅनिंगने अधिकाराची शपथ घेतली. पाहुण्याला पाणी विचारण्याच्या आत कामाला जुंपावे तसा हा प्रकार. आणि पुढची सहा वर्षे तो तसाच चालला.

कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाऊस म्हणजे वेलस्लीने बांधलेला राजवाडा. चाकर इतके की कोणते काम कोणाचे हे मालकिणीला कळू नये. मोकळे वाटावे अशी जागा एकच होती, आणि ती म्हणजे पंधरासोळा मैलांवरचे हे बराकपूर. तेही वेलस्लीचेच स्वप्न. त्याने तेथे बंगला आणि बाग उभारण्यास घेतली, जंगली जनावरांचा संग्रह जमवला, कलकत्त्याहून झाडांनी आच्छादलेला सरळ रस्ता काढला. पुढे लॉर्ड मिंटोने जावा आणि मॉरिशसच्या मोहिमांत पडलेल्या अधिकाऱ्यांसाठी ग्रीक देवळासारखे स्मारक बांधले. ते आजही तेथे आहे. आठवड्याच्या अखेरीस लाटसाहेबांचा लवाजमा कधी रस्त्याने, तर कधी ‘सोनामुखी’ नावाच्या सरकारी नौकेतून तेथे जाई.

या बराकपूरवर शार्लटने जीव लावला. बंगल्यातली रया गेलेली दालने तिने गुलाबांच्या नक्षीच्या शेकडो वार छिटाने सजवली, आरामखुर्च्या आणि लहान मेजे मांडली, चित्रे चौकटीत घालून टांगली, जागोजागी फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. बागेत नदीकडे जाणाऱ्या वाटा आखल्या, उंचवटे बांधले, वेली चढवल्या. बागेतला प्रचंड वटवृक्ष तिच्या चित्रांचा आवडता विषय होता. त्या वडाच्या पारंब्यांखाली मेज मांडून न्याहारी करण्याची पद्धत लाटसाहेबांच्या घराण्यांत पुढे अनेक वर्षे टिकली. पहाटेची घोड्यावरची रपेट, उन्ह चढण्यापूर्वी चित्राची बैठक, दुपारी पंख्याखाली पत्रलेखन, संध्याकाळी नदीकाठी फेरफटका, असा तिचा दिवस. सुखे म्हणाल तर एवढीच, आणि तीही बहुतेक एकटीने भोगावयाची.

कारण कॅनिंग कागदपत्रांच्या पेट्यांत बुडालेला असे. त्याला कोणताही कागद स्वतः वाचल्यावाचून पुढे सोडवत नसे. पेट्या बराकपूरलाही त्याच्या मागोमाग येत. सूर्योदयापूर्वी टेबलाशी बसलेला हा माणूस रात्री उशिरापर्यंत तेथेच असे. काम थोडे हातावेगळे करावे, काही सहकाऱ्यांवर सोपवावे, हे त्याला शेवटपर्यंत साधले नाही. नवऱ्याची भेट फार थोडी होते, ही खंत शार्लटच्या वाट्याला सदैव राहिली. कामसूपणाचा हा दोष आमच्या पेशात गुण म्हणून गणला जातो. वार्षिक शेऱ्यात त्याची नोंद चांगल्या शब्दांत होते. घरच्या माणसाचा शेरा मात्र कोणी मागवीत नाही.

मग १८५७ साल उजाडले. बराकपूरच्या बागेपासून हाकेच्या अंतरावरच्या छावणीत ठिणगी पडली आणि मे महिन्यात मीरतला वणवा पेटला. कलकत्त्यातल्या गोऱ्या वस्तीची अक्षरशः गाळण उडाली. अशा वेळी २५ मे रोजी राणीच्या वाढदिवसाचा नाच ठरल्याप्रमाणे व्हावयाचा होता. तो रद्द केल्यास भीतीला पुष्टी मिळेल म्हणून या दांपत्याने तो पार पाडला. १४ जूनच्या रविवारी अफवा उठली की बराकपूरच्या पलटणी शहरावर चालून येत आहेत. बडे बडे साहेब बायकामुलांसह हुगळीतल्या जहाजांवर आश्रयाला पळाले. प्रत्यक्षात त्याच दिवशी बराकपूरच्या शिपायांची हत्यारे काढून घेण्यात आली. ज्यांच्या बागेत फुले फुलवली त्यांच्याच शेजारी हे घडत होते. शार्लटच्या चित्रांतली शांत बराकपूर आणि शिपायाच्या गळ्याला फास लागलेले बराकपूर ही एकाच मैदानाची दोन टोके आहेत. तिच्या बागेविषयी बोलताना मी हे विसरू इच्छीत नाही, आणि श्रोत्यांनीही विसरू नये.

मात्र कॅनिंगविषयी एवढे म्हणावेच लागते की सूडाच्या त्या दिवसांत त्याने डोके ठिकाणावर ठेवले. जुलै १८५७ च्या अखेरीस त्याने अंमलदारांना फर्मान काढून सरसकट फासावर चढवण्यास आळा घातला. त्याबद्दल त्याच्याच जातभाईंनी ‘दयाळू कॅनिंग’ असे नाव ठेवून त्याची टर उडवली. कलकत्त्याच्या गोऱ्या रहिवाशांनी त्याला परत बोलवावे म्हणून राणीकडे अर्ज केला. शार्लट राणीला नियमाने पत्रे लिहीत होती, आणि राणीही कॅनिंगच्या बाजूची राहिली. आज तो शब्द त्याचा गौरव म्हणून वापरतात. तेव्हा ती शिवी होती. पण फर्मान निघूनही प्रत्यक्षात कत्तली थांबल्या नाहीत, हेही तितकेच खरे. अलाहाबादच्या आणि झांशीच्या झाडांना दयेचा पत्ता नव्हता.

त्याच दिवसांत आपल्याकडचा एक भिक्षुक त्या वणव्यातून फिरत होता. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले, झांशीच्या वेढ्यात सापडले, आणि सर्वस्व लुटले गेल्यावरही गंगोदक घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. शार्लटची पत्रे आणि विष्णुभटजींचा वृत्तांत लागोपाठ वाचले म्हणजे एकाच नदीच्या दोन काठांवरून ऐकू येणाऱ्या आवाजांसारखे ते वाटतात. एकाला पलीकडचा काठ दिसत नाही. दोघांनाही पाणी मात्र तेच दिसते.

आणखी एक गंमत सांगून ठेवतो. १८ जुलै १८५७ रोजी, म्हणजे बंडाच्या ऐन भरात, मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा मंजूर झाला. त्यावर संमतीची मोहोर कॅनिंगची. त्याच विद्यापीठाची एम.ए. पदवी मी मिरवतो. त्या माणसाने ज्या पेट्यांपायी घर गमावले, त्यांतल्याच एका पेटीतून माझे पोटापाण्याचे साधन निघाले, हे नाकारता येत नाही.

पुढची वर्षे दोघे बहुधा दूर दूरच राहिले. १८५८ चा बराचसा काळ तो अलाहाबादेस, ती नीलगिरीत कुन्नूरला, तेथली रानफुले रंगवीत. १८५९ मध्ये उत्तरेच्या दौऱ्यात दोघे बरोबर होते. तेव्हा तिच्या तंबूला आग लागून कितीतरी चित्रे आणि कागद जळले. तरीही तिची साडेतीनशेच्या आसपास जलरंगचित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दोघांचा एक समाईक छंदही होता, तो छायाचित्रे जमवण्याचा. मायदेशी परतल्यावर आठवण म्हणून हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांची चित्रे न्यावीत, एवढाच मूळ हेतू. त्याचेच पुढे सरकारी काम झाले आणि १८६८ पासून ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड निघाले. नवराबायकोने हौसेने सुरू केलेल्या गोष्टीत सरकार शिरले म्हणजे तिचे असे होते: माणसांच्या आठवणी राहिल्या बाजूला आणि जातीजमातींची नोंदवही तयार झाली.

१८६१ च्या अखेरीस मायदेशी परतण्याची तयारी सुरू झाली होती. १ नोव्हेंबरला अलाहाबादेस ‘स्टार ऑफ इंडिया’ या नव्या पदकाचा दरबार कॅनिंगने भरवला. मानकऱ्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते, भोपाळची बेगम होती. शार्लट त्या शरदात दार्जिलिंगला गेली होती. हिमालयाची चित्रे राहून जाऊ नयेत, ही तिची ओढ. परतताना वाट तराईच्या दमट रानातून. तेथे तिला तापाने गाठले. कलकत्त्यास पोहोचली ती ताप अंगात घेऊनच, आणि १८ नोव्हेंबर १८६१ रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. दुसऱ्याच दिवशी तिला बराकपूरच्या नदीकाठी, तिच्या आवडत्या जागी, मूठमाती देण्यात आली.

मार्च १८६२ मध्ये कारभार लॉर्ड एल्जिनच्या स्वाधीन करून कॅनिंग इंग्लंडला गेला आणि तीन महिन्यांनी, १७ जून रोजी, वारला. तो पुरला गेला वेस्टमिन्स्टर ॲबीत, वडिलांशेजारी. ती हुगळीकाठी, तो टेम्सकाठी. थडग्यावरचा मजकूर मात्र त्याने स्वतः लिहिलेला आहे. एवढा एक मसुदा त्याने कोणत्याही पेटीतून न येता लिहिला असावा. नक्षीदार संगमरवरी स्मारक बहिणीच्या देखरेखीने तयार झाले, परंतु बंगालचे पाऊसपाणी त्याला सोसेना. म्हणून ते कलकत्त्यास हलवले आणि आता ते सेंट जॉन चर्चच्या पडवीत आहे. बराकपूरला आहे ती त्याची साधी प्रतिकृती. खाली शार्लट आहे ती मात्र खरी.

बंगाल्यांनी तिची आठवण निराळ्याच तऱ्हेने ठेवली आहे. छान्याचे लांबट गोळे तळून पाकात सोडतात, आपल्या गुलाबजामाचाच भाऊ म्हणा ना, त्या मिठाईला तेथे ‘लेडिकेनी’ म्हणतात. ‘लेडी कॅनिंग’चाच तो अपभ्रंश. तिच्यासाठी ती प्रथम कोणी केली याच्या अनेक कथा सांगतात. भीमचंद्र नाग या हलवायाचे नाव त्यांत विशेष येते. राज्यकर्त्यांचे पुतळे १९६९ साली कलकत्त्याच्या चौकांतून काढले गेले, त्यांतले बरेच याच बराकपूरच्या फ्लॅगस्टाफ हाऊसच्या हिरवळीवर आणून उभे केले आहेत. आता त्यांच्याकडे कावळ्यांखेरीज कोणी फारसे पाहत नाही. पण ‘दोन लेडिकेनी द्या’ असे रोज संध्याकाळी शेकडो लोक म्हणतात.

त्या दिवशी थडग्यापाशी आम्ही बराच वेळ बसलो होतो. समोर हुगळी संथ वाहत होती आणि पलीकडच्या काठावर श्रीरामपूर दिसत होते. पत्नीला म्हटले, “ते श्रीरामपूर पाहिलेस? केरीने मराठीचे व्याकरण १८०५ साली तेथे छापले, आणि १८१० मध्ये मोडी टाइपात शब्दकोश.”

“आनंदीबाई जोशीही तेथेच ना?” ती म्हणाली.

तेथेच. गोपाळराव टपालखात्यात होते आणि बदलीने बंगालमध्ये आले होते. अमेरिकेस निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजात भाषण केले आणि आपण परदेशी वैद्यक शिकावयास का जातो ते भरसभेत सांगितले. म्हणजे नदीच्या एका काठाला टपालखात्याच्या माजी प्रमुखाची बायको चिरनिद्रा घेते आहे, आणि दुसऱ्या काठावर एका टपाल कारकुनाची बायको उभी राहून बोलली होती. मी हे मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. पत्नीने ते ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, ते साहेब तिला बरोबर घेऊन या बागेत कितीदा हिंडले असतील?”

मला उत्तर देता येईना. माझ्या खांद्याला पिशवी होती, आणि पिशवीत सोमवारी सकाळी सादर करावयाची एक फाईल होती. गाडीत वाचता येईल म्हणून घेतलेली. ती तिने सकाळीच पाहिली होती, पण त्याविषयी ती काही बोलली नाही.

बराकपूरच्या घाटावरून श्रीरामपूरला नावा जातात. “पलीकडे जाऊ या का?” मी म्हटले. ती घड्याळाकडे न पाहता उठली. नावेत बंगाली मंडळींची गर्दी होती; एका म्हाताऱ्या बाईने सरकून तिला जागा करून दिली. मी काठाला टेकून उभा राहिलो. वाटेत लाटसाहेबांची बाग मागे मागे सरकत लहान होत गेली, थडगे झाडांत दिसेनासे झाले. श्रीरामपूरच्या बाजारात आम्ही लेडिकेनी खाल्ली. पाक जरा जास्तच गोड होता. फाईल मी दुसऱ्या दिवशी कचेरीत उघडली.